वाट पाहणारे पंखे

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कोंडसरी गावात ते सगळ्यांना ठाऊक होतंच, घाटातल्या बोगद्याच्या कामावरही सगळ्यांना लवकरच कळलं. पण माझं काम मुळात भांडणाचंच. हुद्दा जोडतपासनीस, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या गावात बसून बनवलेल्या यंत्रणा एकत्र नांदतील की नाही ते बघणारी बाई. लग्न जुळवणाऱ्यांना चहा तरी मिळतो, मला तोही कुणी धड विचारत नसे.

बोगद्यात चार यंत्रणा होत्या आणि त्या चार कंपन्यांच्या होत्या. एक आग ओळखणार, दुसरी पंखे फिरवून धूर बाहेर ढकलणार, तिसरी गाड्या हाकणार आणि चौथी दोन्ही तोंडांची फाटकं उघडझाप करणार. आता गाड्यांना ड्रायव्हर नसतो, त्यामुळे तिसरीचा रुबाब मोठा. बोगद्याची एकच नळी खोदून झाली होती, दुसरीला अजून अवकाश होता. म्हणून गाड्या आळीपाळीने सोडायच्या, कधी कोकणातून देशावर, कधी देशावरून खाली.

चारही यंत्रणा तपासून झाल्या होत्या आणि चौघींकडे निर्दोष असल्याचा दाखला होता. तो खरा होता, त्यात मला शंका नाही. पण चार शहाण्या माणसांना एका खोलीत कोंडलं की काय होतं ते आपण घरोघरी बघतोच. चार यंत्रणा एकत्र आल्या की त्यांच्या मिळून इतक्या अवस्था होतात, की एकेक तपासत बसलं तर आपला जन्म पुरायचा नाही. म्हणून आम्ही अवस्था बघत नाही, वचनं बघतो. प्रत्येक यंत्रणेकडून लिहून घेतो की तुला काय मिळालं तर तू काय देशील. मग ही वचनं एकाला एक जोडून गणिताने तपासायची. एकीने जे मागितलं ते दुसरी देते का? देत असेल तर जोड पक्का.

यात एकच खोडा असतो. लग्नघरात आचारी म्हणाला, पंगत बसली की भात वाढतो. यजमान म्हणाला, पानं मांडली की पंगत बसवतो. आणि पानं मांडणारा म्हणाला, भात आला की पानं मांडतो. तिघांचंही म्हणणं रास्त, कुणीही खोटं बोलत नाही, आणि पाव्हणे मात्र उपाशी. वचनांना असा वेढा पडला की प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो आणि काम काही होत नाही.

तो वेढा मला आमच्या बोगद्यात सापडला. आग लागली तर पंखे ज्या बाजूला गाड्या नाहीत त्याच बाजूला धूर ढकलणार, म्हणजे दोन्हीकडे गाड्या असतील तर एक बाजू रिकामी व्हायची वाट पाहणार. गाड्या फाटक उघडायची वाट पाहणार. आणि बंद असलेलं फाटक पंख्यांनी दिशा ठरवल्याशिवाय उघडणार नाही, कारण बाहेर उभ्या असलेल्या लोकांवर धूर जायला नको. मी हे संगणकावर करून दाखवलं. आतल्या सगळ्या यंत्रणा हिरव्या दिव्यात एकमेकींची वाट बघत बसल्या होत्या.

प्रकल्पप्रमुख तोरस्कर साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले की अहो, गाड्या एका दिशेने जात असताना पुढचं फाटक उघडंच असतं, आगीच्या पुढच्या गाड्या निघून जातात, पंखे पुढे फुंकतात, प्रश्न कुठे आहे? मी म्हटलं, पुढचं फाटक बंद असलं तर? ते हसले आणि म्हणाले, गाड्या आत सोडून पुढचं फाटक कोण बंद ठेवेल?  तरी मी एकत्रित दाखल्यावर सही केली नाही. त्यांनी चार वेगवेगळे दाखले एकत्र टाचले आणि त्यावर बोगदा सुरू करायचं ठरवलं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या मात्र माझ्या भावामुळे. चेतन माझ्याहून धाकटा, फाटकांच्या कंपनीत इथला इंजिनिअर. तो मला म्हणाला की ताई, गावाला एवढ्या वर्षांनी काही चांगलं मिळतंय आणि तू त्यात आडवा पाय घालतेस. माझ्या फाटकात एक तरी चूक दाखव. मी सांगितलं, तुझ्या फाटकात चूक नाही. तो म्हणाला, मग झालं तर. त्यानंतर आम्ही एका घरात राहून बोलत नव्हतो. बाबांना दोघांकडे बघून जेवण जात नसे.

शिमगा आला. आमच्या पावणाईची पालखी दर शिमग्याला घाटवाटेने वर सडेगावला जाते, तिथल्या देवीला भेटायला. ती पावणाईची थोरली बहीण. ही भेट चुकली असं गावात कुणाला आठवत नाही. यंदा घाटवाट बोगद्यातून काढलेल्या दगडमातीखाली गाडली गेली होती. गावाने ओरड केली, तेव्हा चेतनने धावपळ करून कंपन्यांना राजी केलं की पालखी बोगद्यातून जाईल आणि पहिला मान देवीचा असेल. त्याच दिवशी उद्घाटन. बाबा पालखीचे मानकरी. त्या दिवशी चेतनला गाव किती डोक्यावर घेत होतं ते सांगायला नको. मलाही आतून बरं वाटलं होतं, पण मी ते त्याला बोलून दाखवलं नाही.

सकाळी पालखी आत शिरली. सगळ्यांत पुढे बायांची बस, कारण वरच्या देवीची ओटी भरायची होती. चेतन त्यांच्याबरोबर. बसच्या मागे पाहुण्यांची गाडी आणि फोटोवाल्यांची गाडी. त्यांच्या बऱ्याच मागे, माणसाच्या चालीने सरकणारी स्पीकरची गाडी. तिच्या मागे ढोलताशे, पालखी आणि चाळीसेक माणसं पायी. शेवटी एक रिकामी रुग्णवाहिका, पालखीच्या पाठोपाठ राहायचं एवढंच तिला सांगितलेलं. मी कोकणाकडच्या तोंडाशी नियंत्रण कक्षात होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण हाकललंही नाही. शेजारी गावडे नावाचा शांत स्वभावाचा ऑपरेटर होता.

पुढची बस आणि दोन गाड्या देशाकडच्या तोंडाजवळ पोचल्या आणि थांबल्या. फाटक बंद होतं. मी गावडेंना विचारलं, का? तर म्हणाले, मॅडम, पलीकडे फीत बांधलीय. बाहेरचे मोठे पाहुणे फीत कापतील, मग फाटक उघडणार, तसं ठरलंय.

 गाड्या आत सोडून पुढचं फाटक कोण बंद ठेवेल याचं उत्तर त्या फितीला लोंबत होतं.

मी तोरस्करांना फोन लावला. ते पलीकडे मंडपात होते, सनईचा आवाज येत होता. मी म्हटलं की फीत नंतर कापा, आधी फाटक उघडा. ते म्हणाले, धुरीबाई, आजचा दिवस तरी सोडा. त्यांनी फोन ठेवला आणि पाच मिनिटंही झाली नसतील, तोच पडद्यावर बोगद्याच्या मध्यावर लाल ठिपका आला. स्पीकरच्या गाडीची बॅटरी पेटली होती.

बॅटरीचा धूर लाकडाच्या धुरासारखा नसतो. तो विषारी असतो आणि पाणी मारून भागत नाही. आधी छताला चिकटून दोन्हीकडे पसरतो, मग थंड होऊन खाली उतरतो. खाली उतरला की माणसाला फार वेळ मिळत नाही. पंखे चालू झाले असते तर काही नव्हतं. पण आगीच्या दोन्ही बाजूंना गाड्या होत्या. पंखे वाट पाहू लागले, गाड्या वाट पाहू लागल्या, फाटक वाट पाहू लागलं. पडद्यावर चारही यंत्रणांचे दिवे हिरवे होते.

गावडेंनी हाताने पंखे चालवायची कळ दाबली. त्याला पंख्यांच्या कंपनीची परवानगी लागे. पुण्यातला त्यांचा माणूस लगेच फोनवर आला, सभ्यपणे बोलला. म्हणाला, गाड्यांच्या कंपनीने बाजू रिकामी असल्याचं कळवलं की देतो. गाड्यांची बाई म्हणाली, फाटक उघडलं की कळवते. फाटकवाले म्हणाले, पंख्यांची दिशा सांगा. यंत्रांचा वेढा होता तोच माणसांनीही धरला होता. मी तिघांनाही एकाच वेळी शिव्या घातल्या. तिघांनीही ऐकून घेतल्या आणि कुणी जागचं हललं नाही.

एवढ्यात तोरस्करांचाच फोन आला. आता मागे सनई थांबली होती. ते म्हणाले, "रुग्णवाहिका आपली आहे. तिची हजेरीची डबी इथून बंद होते. ती बंद करा. कोकणाची बाजू रिकामी दिसेल, पंखे तिकडे फुंकतील."

प्रत्येक गाडीत एक डबी असते. मी इथे आहे, असं ती सतत सांगत राहते. डबी गप्प झाली की यंत्रणांच्या लेखी गाडी नाहीच. तोरस्करांचं डोकं बरोबर चाललं होतं. पडद्यावर कोकणाच्या बाजूला खरंच एकच रिकामी गाडी दिसत होती. गावडेंचं बोट कळीवर गेलं.

मी त्यांचा हात धरला. बोगद्यात पायी चालायला बंदी, म्हणून चारांपैकी एकाही यंत्रणेला पायी चालणारा माणूस माहीतच नव्हता. तिथे माझे बाबा होते आणि चाळीस माणसं होती, आणि पडदा म्हणत होता की तिथे कुणी नाही.

"त्या बाजूला पालखी आहे," मी म्हटलं.   देवा, असं तोरस्कर पुटपुटले. त्यांना पालखी आठवली नव्हती, दुष्टपणा नव्हता त्यात. घाबरलेला माणूस पडद्यावर दिसतं तेवढंच बघतो.

दुसऱ्या बाजूच्या तीन गाड्या भाड्याच्या होत्या. त्यांच्या डब्या इथून बंद होत नव्हत्या, त्या जागेवर जाऊन उपटायला हव्या होत्या. मी चेतनला फोन लावला. पहिल्याच घंटीला त्याने उचलला.

तो म्हणाला, ताई, माझ्या मोबाईलवर सगळं हिरवं दिसतंय, मग फाटक का उघडत नाही? त्याच्या मागे बाया खोकत होत्या. मी त्याला सांगितलं की वेढा पडलाय, तोच. वाटलं होतं तो वाद घालेल. त्याने फक्त विचारलं, काय करू.

फाटकाशेजारी एक लहान दार होतं, हाताने उघडणारं, एका वेळी एक माणूस जाईल एवढं. बसपासून चालत जावं लागणार होतं. मी म्हटलं, बायांना आणि गाड्यांतल्या सगळ्यांना त्या दाराने बाहेर काढ. मग तिन्ही गाड्यांच्या डब्या उपट. फोटोवाल्यांची गाडी सगळ्यांत मागे आहे, धुराच्या जवळ. ती शेवटी.

"डब्या उपटल्या की पंखे कुठे फुंकणार?"

"तुझ्याकडे."

"लगेच?"

"लगेच. पूर्ण जोराने."

 मग तो म्हणाला, "बाबा पलीकडे आहेत ना?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला, पण बंद केला नाही. त्याचं बायांना हाका मारणं मला ऐकू येत राहिलं. काकी, चल. मावशी, ओटी राहू दे, तू चल आधी.

मी भावाला काय करायला सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. दोन हात होते माझे आणि दोघे दोन टोकांना होते. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही.

बाबांशी बोलायला रुग्णवाहिकेचा भोंगा होता. मी ओरडून सांगितलं, बाबा, पालखी मागे फिरवा, धूर खाली उतरतोय. कॅमेऱ्यात ते दिसत होते, डोक्याला फेटा, एक हात पालखीच्या दांड्यावर. त्यांनी मान हलवली. रुग्णवाहिकेच्या माइकमधून त्यांचा आवाज आला.

"गो चेडवा, भेट होयसर पालखी पाठ फिरवणा नाय. तुका म्हायत आसा."

मला माहीत होतं. बहिणीची भेट झाल्याशिवाय पावणाई तोंड फिरवत नाही. मी भोंग्यातून भांडले. म्हटलं, बाबा, चाळीस घरं आहेत, देवीला काय तोंड दाखवाल.  पोरं बाबांकडे बघत होती आणि एकही खांदेकरी हलला नाही. मानकऱ्याच्या शब्दाशिवाय पालखी हलत नाही, मग वरून आग पडो. धुराचा थर स्पीकरच्या गाडीवरून त्यांच्याकडे सरकत होता.

बाबांनी वर धुराकडे पाहिलं. मग पोरांकडे. मग ढोलवाल्याला म्हणाले, "वाजय. पालखी नाचवा."

मला वाटलं, म्हातारा गेला हातचा. पण ढोल सुरू झाला आणि खांदेकऱ्यांनी पाऊल उचललं, मागे. पालखी नाचवताना ती दोन पावलं पुढे जाते, दोन पावलं मागे येते. आज ती पुढे जातच नव्हती. देवीचं तोंड देशाकडेच, बहिणीकडे, आणि पालखी नाचत नाचत मागे येत होती. माणसं उलट्या पावलांनी चालत होती, ठेचकाळत होती, एकमेकांची कंबर धरून सावरत होती. बाबा पुढे उभे राहून ठेका देत होते, त्यामुळे धुराच्या सगळ्यांत जवळ तेच होते. चालीच्या वेगापेक्षा धुराचा वेग जास्त होता.

चेतनच्या फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला. मग बायांची नावं एकामागून एक. मग एक डबी. पडद्यावरून बस नाहीशी झाली. मग पाहुण्यांची गाडी नाहीशी झाली. मग बराच वेळ काही नाही, फक्त त्याचं धावणं आणि खोकणं. फोटोवाल्यांच्या गाडीपर्यंत धूर पोचला होता. तो शिव्या देत होता, डबीचा पत्रा निघत नव्हता. मी फोनवर काहीच बोलले नाही. बोलले असते तर म्हटलं असतं, परत फिर.

तिसरी गाडी पडद्यावरून गेली.

पंखे सुरू झाले. बोगद्याच्या तोंडाशी आमच्या केबिनच्या काचा थरथरल्या, एवढी हवा आत ओढली गेली. कॅमेऱ्यात बाबांच्या डोक्यावरचा धूर एकदम पुढे खेचला गेला आणि पालखीवरचा गुलाल त्याच्यामागे उडत गेला. माणसं जागीच थांबून श्वास घेऊ लागली. मी हे सगळं पाहिलं. आणि फोनमधून चेतनचं धावणं ऐकलं, मग पडणं ऐकलं, मग फक्त वारा.

पालखी कोकणाच्या तोंडातून बाहेर आली ती उलटीच. बाबांनी मला पाहिलं आणि विचारलं, चेतन खय? मी चालू फोन त्यांच्यापुढे धरला. बाबा खाली बसले.

त्याला तोरस्करांनी बाहेर ओढलं. दाराच्या अलीकडे पडला होता तो. रेशमी कुडता तोंडाला बांधून साहेब स्वतः आत शिरले, हे मला नंतर कळलं. त्यांच्याबद्दलचा माझा राग त्यानंतर पुरता राहिला नाही, हेही कबूल केलं पाहिजे.

चेतन जगला. फुप्फुसं मात्र भाजल्यासारखी झाली. आधी तो यंत्रावर होता, मग प्राणवायूच्या नळीवर. चार शब्द बोलला की थांबतो. किती सुधारेल ते डॉक्टर सांगत नाहीत, आम्हीही विचारायचं सोडलं.

चौकशी झाली. अहवाल वाचायला तोरस्कर स्वतः दवाखान्यात आले आणि चेतनच्या खाटेशी उभे राहून खाली मान घालून त्यांनी तो वाचला. आग ओळखणाऱ्या यंत्रणेने आग ओळखली. पंख्यांनी नियम पाळला. गाड्यांनी पाळला. फाटकानेही पाळला. चारही यंत्रणा निर्दोष. संपूर्ण घटनेत नियमभंग एकच आढळला, तो म्हणजे एका कर्मचाऱ्याने तीन गाड्यांच्या डब्या विनापरवाना काढल्या. त्याबद्दल त्याला कामावरून कमी करण्याची शिफारस होती. तोरस्कर म्हणाले, मी विरोधात लिहून दिलंय. पण नियमाने ते खरं आहे.

मी उठले. मला तो कागद फाडायचा होता. बाबांनी माझा हात धरून मला बसवलं आणि ते स्वतः उभे राहिले. पायातली चप्पल काढली. देवी समोर नव्हती, तर दवाखान्याच्या खिडकीकडे, गावाच्या दिशेला तोंड करून त्यांनी हात जोडले आणि शिमग्याला देवीपुढे गावाच्या मांडावर घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली.

"बा आई पावणाई, बारा येशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा. तुझ्या पालखीक जो काय अडथळो इलो, तेची चौकशी सायबांनी केल्यानी. यंत्राची चूक नाय. कंपनीची चूक नाय. चूक गावली ती एकट्या ह्या झिलाची. तर आई, ज्या चुकीन चाळीस माणसां जित्ती घराक इली, ती चूक आज तुझ्या पायाशी ठेवतंय. तुका ती चूक वाटली तर शिक्षा माका कर. नाय वाटली तर माझ्या पोराचो श्वास तेका परत दी गे म्हाराजा."

गाऱ्हाणं झालं की सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणून होकार द्यायचा असतो. तिथे गाव नव्हतं. चेतनने नळी बाजूला केली. "व्हय," तो म्हणाला आणि त्याचा दम तिथेच संपला. छाती वरखाली होत राहिली, पुढचा शब्द काही निघेना.

"म्हाराजा," मी म्हटलं.